दोन बॅटऱ्या

आमच्या घरी जमीन नव्हती, दुकान नव्हते. एक ट्रक होता. अब्बांनी वीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि २००९ साली एक जुना, सहा चाकांचा ट्रक हप्त्याने घेतला. अंबरनाथ पूर्वेला आमची गल्ली इतकी अरुंद की रिक्षा शिरली तरी समोरच्या माणसाला ओट्यावर चढून उभे राहावे लागे. म्हणून ट्रक आनंदनगर एमआयडीसीच्या रस्त्याकडेला उभा असे आणि अब्बा पहाटे डबा घेऊन तिथपर्यंत चालत जात. कारखान्यांतून माल भरायचा, काटई नाक्यावरून शिळफाट्याला लागायचे आणि न्हावाशेवा बंदर गाठायचे, हा त्यांचा नेहमीचा रस्ता. कधी कधी गुजरातेत अंकलेश्वरपर्यंत भाडे मिळे.

लोकांना वाटते की ट्रकवाल्याचे काम म्हणजे गाडी चालवणे. खरे तर त्याचा निम्मा जन्म थांबण्यात जातो. बंदराबाहेर रांगेत थांबा, कारखान्याच्या दाराशी थांबा, कागद येईपर्यंत थांबा. रात्र झाली तर केबिनमध्येच पाठ टेकायची. उन्हाळ्यात ती केबिन भट्टीसारखी तापते. खिडक्या उघडाव्या तर डास, बंद कराव्या तर जीव गुदमरतो. अब्बा घरी येत तेव्हा त्यांचे डोळे लाल असत. अम्मी विचारी, "झोप झाली का?" ते म्हणत, "झाली." ती झाली नव्हती हे आम्हा सर्वांना कळत असे.

२०१४ च्या एप्रिलमध्ये माझी बी.एड.ची परीक्षा झाली. निकाल लागायचा होता आणि नोकरी कुठे नव्हती. आपण घरासाठी काहीतरी करावे असे मनात होते. शिकवण्यांचे थोडे पैसे साठले होते. मी उल्हासनगरच्या बाजारात गेलो आणि अब्बांच्या केबिनसाठी एक छोटा पंखा आणि एक टेप घेतला. दोन्ही १२ व्होल्टचे होते. ट्रकची वीज २४ व्होल्टची असते हे मला ठाऊक होते. पण २४ व्होल्टचा पंखा त्या दुकानात नव्हता, आणि १२ व्होल्टचे सामान मोटारींमध्ये सगळीकडे चालते म्हणून ते स्वस्त होते. शिवाय माझ्याकडे उपाय तयार होता.

तो उपाय समजण्यासाठी ट्रकच्या बॅटऱ्यांविषयी थोडे सांगावे लागेल. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी जोराने दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटते. एवढी हवा दाबण्यासाठी इंजिन सुरुवातीला बाहेरून फिरवावे लागते. पूर्वी मोटारीसमोर उभे राहून लोखंडी हँडल फिरवत. १९१२ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला आणि हळूहळू हँडल गेले. या स्टार्टरला आपल्याकडचे चालक आणि मिस्त्री 'सेल्फ' म्हणतात. ट्रकचे मोठे इंजिन फिरवायला सेल्फला फार शक्ती लागते. व्होल्ट दुप्पट केले तर तेवढ्याच शक्तीला विद्युतधारा निम्मी पुरते. म्हणून जड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडतात. एकीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला, तिचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला आणि दुसरीचे धन टोक सेल्फकडे. विज्ञानाच्या पुस्तकात यालाच एकसर जोडणी म्हटले आहे. १२ आणि १२ मिळून २४.

माझा उपाय असा होता. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या तारेवरून एक वायर काढायची आणि दुसरी वायर सांगाड्याला लावायची. म्हणजे पंख्याला फक्त पहिल्या बॅटरीचे १२ व्होल्ट मिळतील. गंमत म्हणजे बी.एड.च्या सराव पाठांत माझा एक पाठ विद्युतघटांच्या एकसर जोडणीवरच झाला होता. रंगीत तक्ता, दोन घट, एक बल्ब. पाठाला चांगले गुण मिळाले होते. त्या गुणांची ऐट अजून अंगात होती. मी लाल वायर ओढली, सांध्यावर निळी चिकटपट्टी गुंडाळली आणि बटण दाबले. पंखा फिरू लागला. अब्बांनी चेहरा पुढे करून वारा घेतला. "वा!" एवढेच ते म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या तीन माणसांना त्यांनी केबिनमध्ये बसवून पंखा दाखवला.

मे महिना सुखात गेला. अब्बा झोपून येऊ लागले. जूनच्या शेवटी, भर पावसात, न्हावाशेव्याला रांगेत उभे असताना ट्रक बंद पडला. म्हणजे चालू करताना सेल्फने 'टक्' असा एकच आवाज केला आणि पुढे काही नाही. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. कोणीतरी आपल्या बॅटरीची जोड दिली, तेव्हा इंजिन सुटले. त्या दिवशीची खेप वेळेवर उतरली नाही आणि पुढचे भाडे दुसऱ्याला गेले. रमज़ान तोंडावर आला होता. हप्त्याची तारीखही जवळ आली होती.

आमच्या भागात गाड्यांची वीज पाहणारे एक वयस्क मिस्त्री होते. त्यांना सगळे 'मामा' म्हणत, अब्बासुद्धा. बदलापूरजवळच्या एका खेड्यात त्यांची शेती होती. त्यांचे गॅरेज म्हणजे एक पत्र्याची टपरी, एक बाकडे आणि भिंतीवर लटकलेल्या असंख्य वायरी. मी उर्दू शाळेत शिकलो. पुस्तकातली मराठी मला शाळेने दिली, पण 'कानस', 'पाना', 'आटे', 'झिजणे', 'सैल' हे शब्द मला मामांच्या टपरीने दिले. लहानपणी अब्बांबरोबर गेलो की मामा मला खिळे मोजायला बसवत.

मामांनी आधी हात धुतात तशी बॅटरीची टोके धुतली. गरम पाणी ओतले, ब्रशने पांढरा-हिरवा क्षार काढला, टोके घट्ट केली. मग सांगाड्याला जाणारी जाड तार सोडवून तिच्याखालचा गंज खरवडला. "निम्म्या गाड्या इथेच बऱ्या होतात," ते म्हणाले. मग डायनामोचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला. आपण ज्याला पुस्तकात अल्टरनेटर म्हणतो त्याला गॅरेजात अजून डायनामोच म्हणतात. इंजिन फिरले की पट्ट्याने तो फिरतो, वीज तयार करतो आणि बॅटऱ्या पुन्हा भरतो. पट्टा सैल असेल तर तो घसरतो आणि बॅटरी उपाशी राहते. पट्टा ठीक होता. मी ऐटीत माझा नवा डिजिटल मीटर काढला. इंजिन बंद असताना दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांना लावला : २४.७ व्होल्ट. इंजिन चालू असताना : २८.१.

"बघा, डायनामो उत्तम आहे," मी म्हणालो. "बॅटऱ्या जुन्या झाल्यात."

मामांनी बॅटऱ्यांकडे पाहिले. त्या तीन वर्षांच्या होत्या, म्हणजे माझे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण ते बॅटऱ्यांची झाकणे उघडू लागले तसे मी म्हणालो, "मामा, आकडा समोर आहे. कशाला वेळ घालवता?" त्यांनी झाकण परत बसवले. त्या क्षणाची मला आज फार लाज वाटते. माझ्या हातात मीटर होता, त्यांच्या हातात चाळीस वर्षे होती, आणि मीटर बोलला म्हणून ते गप्प बसले.

अब्बांनी दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या. जवळजवळ वीस हजार रुपये गेले. त्यातले निम्मे उसने होते. त्या वर्षी ईदला घरात नवे कपडे फक्त धाकट्या बहिणीला आले. अब्बा म्हणाले, "गाडी आधी. गाडी चालली तर पुढच्या वर्षी सगळ्यांना दोन-दोन जोड."

ऑक्टोबरात गाडी पुन्हा अडली. या वेळी अंकलेश्वरच्या वाटेवर एका ढाब्याजवळ, पहाटे. सेल्फचा तोच 'टक्' आवाज. साडेतीन महिन्यांच्या नव्या बॅटऱ्या! अब्बांचा आवाज फोनवर थकलेला वाटला. मी मात्र रागाने पेटलो. मला दोष कुणावर तरी टाकायचा होता आणि मामा जवळचे होते. मी टपरीवर गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तुम्ही काहीतरी सैल ठेवलेत. आणि या बॅटऱ्या तुमच्याच ओळखीने घेतल्या होत्या. जुनाच माल दिलात का?"

मामा काही बोलले नाहीत. हातातली वायर सोलत राहिले. बाकड्यावर बसलेला एक रिक्षावाला माझ्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, जरा सबुरीने." मी निघून आलो.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दुसऱ्या एका गॅरेजात जात होतो. तिथे डायनामो उतरवला, उघडला, आतले कार्बन ब्रश आणि बेअरिंग बदलले. पुन्हा पैसे. मीटरवर पुन्हा २८. चार दिवस गाडी चालली, पाचव्या दिवशी धक्का मारून सुरू करावी लागली. भरलेल्या ट्रकला धक्का मारणे म्हणजे काय ते ज्याने मारला आहे त्यालाच माहीत. शेवटी एका रात्री अब्बा जेवता जेवता म्हणाले, "मी उद्या मामांकडे जातो. तू यायचे तर ये, नाहीतर घरी बस." मी गेलो. रात्रभर विचार करत होतो की मामा काय बोलतील. ते एवढेच म्हणाले, "या भाई, चहा घ्या."

चहा झाल्यावर मामांनी बॅटरीची पेटी उघडली. शेजारी एक पोरगा काडेपेटी काढत होता, त्याला त्यांनी हाताने दूर केले. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेट घेतो. ज्या अंबरनाथमध्ये एके काळी विमकोच्या काडेपेट्यांचा कारखाना धडधडत होता, तिथे काडी कुठे ओढू नये हे सांगणारा माणूसही हवाच. मग त्यांनी दोन्ही बॅटऱ्यांची सहा-सहा झाकणे उघडली आणि आत पाहिले. बराच वेळ पाहिले.

"भाई, या बॅटऱ्यांत पाणी कोण घालते?"

"मीच," अब्बा म्हणाले. "पण एक बॅटरी फार पाणी पिते. दर आठ-दहा दिवसांनी कमी. दुसरीला लागतच नाही."

"कोणती पिते?"

"ही, वरच्या जोडाची. सेल्फकडची."

मामांनी तळहात आधी एका बॅटरीवर आणि मग दुसरीवर ठेवला, जसा आई तापलेल्या मुलांच्या कपाळावर ठेवते. "ही गरम आहे. ही थंड आहे. एकाच गाडीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या. मग असे का?"

त्यांनी काचेची नळी काढली. तिच्या एका टोकाला रबरी फुगा आणि आत तरंगणारा छोटा काटा असतो. हा हायड्रोमीटर. बॅटरीतले पाणी म्हणजे खरे तर पाणी मिसळलेले सल्फ्युरिक आम्ल. बॅटरी भरलेली असते तेव्हा आम्ल दाट असते आणि काटा उंच तरंगतो. बॅटरी रिकामी होते तसे आम्ल पातळ होते, कारण त्यातला एक भाग शिशाच्या पट्ट्यांवर जाऊन बसतो. फ्रान्समधल्या गॅस्तों प्लांते यांनी १८५९ साली शिशाच्या पट्ट्यांची ही बॅटरी बनवली. आजही तिची आतली रचना फारशी बदललेली नाही. गॅरेजात घनतेचा दशांश चिन्हाशिवायच उच्चार करतात. मामांनी फुगा दाबून सोडला, नळी डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाले, "गरम बॅटरी, बाराशे नव्वद. ठासून भरलेली." मग दुसरी. "अकराशे पन्नास. ही तर जवळजवळ उपाशी."

मग त्यांनी माझ्याकडे हात पसरला. "मास्तर, तुझा मीटर दे."

मी दिला. त्यांनी तो दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांना लावला. २४.७. तोच जूनमधला आकडा. "आता एकेक करून बघू," असे म्हणत त्यांनी तो फक्त गरम बॅटरीला लावला : १२.८. मग थंड बॅटरीला : ११.९. इंजिन सुरू केले. पुन्हा आधी दोन्ही मिळून : २८.१. गरम बॅटरीवर १५.२. थंड बॅटरीवर १२.९.

मला बेरीज करायला कागद लागला नाही. पंधरा पॉइंट दोन आणि बारा पॉइंट नऊ. बेरीज अगदी बरोबर होती. जूनपासून ती बरोबरच येत होती. एक बॅटरी उकळत होती, दुसरी उपाशी मरत होती आणि दोघींची बेरीज मला रोज सांगत होती की सगळे ठीक आहे. (पुढे शिक्षक झाल्यावर मी वर्गाची सरासरी काढतो तेव्हा हा आकडा हटकून आठवतो. एका मुलाला नव्वद आणि एकाला दहा मिळाले तरी सरासरी पन्नासच येते, आणि कागदावर वर्ग पास दिसतो.)

"असे कधी होते सांगू?" मामा म्हणाले. "आमच्या गावाकडे बैलजोडी असते. समज, एका बैलाला रात्री गुपचूप नेऊन कोणी दुसऱ्याच्या चरकाला जुंपले. सकाळी दोघांना एका जुवाखाली घातले, संध्याकाळी दोघांना सारखाच चारा टाकला. दमलेल्याला तो पुरत नाही आणि धडधाकटाला जास्त होतो, त्याला अपचन होते. मालक म्हणतो, चारा तर मी रोज मोजून टाकतो! चारा मोजून उपयोग नाही. रात्री बैल कोण नेतो ते बघ." ते वाकले आणि पेटीत हात घालू लागले. "या थंड बॅटरीवरून कोणीतरी वेगळे काम घेते आहे."

मला ती वायर दिसण्याआधीच ती कुठे आहे ते ठाऊक होते. लाल वायर. निळी चिकटपट्टी.

माझ्या पोटात खड्डा पडला. मामांच्या बोटांत ती वायर आली तेव्हा त्यांनी ती हळूच मागे केबिनपर्यंत नजरेने तपासली. पंखा, टेप. अब्बांनीही पाहिले. कोणी काही बोलले नाही. बोलायचे मलाच होते.

"ती मी लावली," मी म्हणालो. "एप्रिलमध्ये. मीच लावली."

आता सारे उलगडत गेले. पंखा सुमारे दोन अँपियर घेत होता. आठ तासांच्या रात्रीचे सोळा अँपियर-तास झाले, वर टेप. आमच्या बॅटऱ्या १२० अँपियर-तासांच्या होत्या. चार-पाच रात्री रांगेत काढल्या की एक बॅटरी निम्म्याहून खाली जाई आणि दुसरी भरलेलीच राही. दिवसा डायनामो भरत असे, पण एकसर जोडणीत दोघींतून एकच धारा जाते. एकीला जेवढे मिळते तेवढेच दुसरीला. डायनामोवर लक्ष ठेवणारा रेग्युलेटर फक्त बेरीज पाहतो. बेरीज २८ झाली की तो हात आखडता घेतो. भरलेली बॅटरी त्या बेरजेतला मोठा वाटा अडवून बसे, तिच्यातले पाणी वायू होऊन उडे; आणि उपाशी बॅटरीपर्यंत पुरेसे काही पोचतच नसे. सेल्फ मारला की सारा भार दोघींवर सारखा पडे आणि दुबळी बॅटरी मान टाके. हे सगळे नियम मला पाठ होते. मी ते फळ्यावर लिहून दाखवले होते.

जूनमध्ये मामा झाकणे उघडू लागले होते ते याचसाठी. तेव्हाच उघडली असती तर निदान डायनामो उघडण्याचे पैसे वाचले असते, आणि कदाचित जुन्या बॅटऱ्याही अजून वर्षभर चालल्या असत्या. मी मामांपुढे उभा राहिलो. "त्या दिवशी मी टपरीवर जे बोललो..." एवढे म्हणून मला पुढचे शब्द सापडेनात. मराठीतही नाही आणि उर्दूतही नाही.

"लोकांसमोर बोललास," मामा म्हणाले.

"हो."

"मग लोकांसमोरच ये उद्या. चहाच्या वेळेला. मला नाही गरज, पण तो रिक्षावाला रोज विचारतो, मास्तरांचे काय झाले." ते हसले नाहीत. थट्टेत म्हणाले की खरे, ते मला अजून कळलेले नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो. बाकड्यावर तीन माणसे होती. मी उभ्याने सांगितले की वायर माझी होती, चूक माझी होती आणि मामांचे काम पक्के होते. रिक्षावाल्याने सरकून मला बाकड्यावर जागा दिली.

अब्बा मला एका शब्दानेही रागावले नाहीत. त्याचा मला अधिक त्रास झाला. त्या रात्री मी म्हणालो, "अब्बा, पंखा काढून टाकतो." ते ताटावरून मान वर न करता म्हणाले, "का? पंखा चांगला आहे. वीस वर्षांत पहिल्यांदा मी रात्री झोपलो." मग थोड्या वेळाने, "फक्त त्याला नीट जेवू घाल."

नीट जेवू घालण्याचा मार्ग मामांनी सांगितला. बाजारात एक छोटी पेटी मिळते. ती दोन्ही बॅटऱ्यांकडून मिळून २४ व्होल्ट घेते आणि बाहेर १२ व्होल्ट देते. मिस्त्री तिला कन्व्हर्टर म्हणतात. ती लावली की पंख्याचा भार दोघींवर सारखा पडतो. मधल्या तारेला कधी हात लावायचा नाही. मात्र त्याआधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या करून, १२ व्होल्टच्या चार्जरवर एकेक भराव्या लागल्या. एकत्र भरल्या असत्या तर गरम बॅटरी पुन्हा वाटा अडवून बसली असती. थंड बॅटरीला दोन दिवस लागले. "हिचे आयुष्य थोडे कमी झाले," मामा म्हणाले, "पण चालेल. आणि पुढे बदलायची वेळ आली तर दोन्ही एकदम बदला. एक नवी, एक जुनी अशी जोडी लावली की पुन्हा तेच दुखणे."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आनंदनगरच्या रस्त्याकडेला आम्ही तिघे ट्रकपाशी होतो. पाऊस संपला होता, हवेत ऑक्टोबरचा उकाडा होता. मामांनी शेवटचा नट आवळला. लाल वायर सोडवून त्यांनी तिची गुंडाळी केली आणि माझ्या खिशात घातली. अब्बांनी किल्ली फिरवली. सेल्फ एका दमात फिरला आणि इंजिन सुटले. केबिनमधून त्यांनी ओरडून विचारले, "पंखा लावू का?"

"लावा, भाई!"

पाती फिरू लागली. मामांनी मीटरच्या दोन्ही तारा माझ्या हातात दिल्या आणि स्वतः बाजूला झाले.

"आता तू बघ, मास्तर. एकेक करून."

मी वाकलो. खालची बॅटरी तेरा पॉइंट नऊ. वरची चौदा पॉइंट एक. मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. इंजिनाच्या आवाजात अब्बांना ऐकू गेले नसावे म्हणून पुन्हा एकदा वाचले.